कोणता हात मोकळा

कारखान्यात सगळे त्यांना पाठीमागे ‘थांबासाहेब’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. खोकी बनवायचा कारखाना. जाड कागद, डिंक, पिना, बांधायच्या पट्ट्या, जे जे म्हणून बाहेरून यायचं ते थांबासाहेबांच्या टेबलावरून आत जायचं. माल विकायला आलेला माणूस समोर बसला की ते आधी नमुना हातात घेत. कागद असला तर कोपरा दुमडून बघत, डिंक असला तर दोन बोटांत धरून ताणत, वास घेत. मग खिडकीबाहेर नजर लावून म्हणत, “थांबा जरा. बघू.”

त्या खुर्चीत बसून त्यांनी कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. हाताखाली नवा माणूस आला की ते त्याला शिकवत, “नाही म्हटलं की समोरचा उठतो आणि दुसरं गिऱ्हाईक शोधतो. थांबा म्हटलं की आपल्याच दाराशी राहतो. राहू द्यावा. आपलं काय जातं?” एका डिंकवाल्याला त्यांनी असंच दाराशी ठेवलं होतं. आज होईल, उद्या होईल म्हणून त्या बिचाऱ्याने दुसरीकडे माल दिला नाही, आणि त्याचा डिंक पिंपातच वाळून गेला. त्यानंतर तो कधी दिसला नाही. थांबासाहेबांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी त्याला नकार कुठे दिला होता, असं स्वतःला समजावून ते जेवायला गेले.

अशा माणसाला त्यांच्या ताईने गाणी ऐकायचं एक छोटं यंत्र आणायला सांगितलं होतं.

ताई त्यांची थोरली आणि एकुलती बहीण. शिवणाचे वर्ग चालवायची. मशीनच्या खडखडाटात रेडिओ मोठ्याने लावून त्याच्यावर ओरडून मुलींना शिकवायची. “अगं, काजाचं भोक आहे ते, खिडकी नव्हे!” अशी तिची भाषा. दीड-दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि वर्ग बंद पडला. आता आठवड्यातून तीन दिवस ती डायलिसिसला जायची. सकाळभर एका पलंगावर पडून राहायचं, एका हातात दोन जाड सुया, शेजारच्या यंत्रात रक्त फिरतंय, धुतलं जातंय, परत येतंय. तो हात हलवायचा नाही.

“फोनवर गाणी लावते की,” ती म्हणाली होती, “पण कडवं रंगात येतं न येतं तोच कुणीतरी फोन करतं. कशी आहेस? आता मी कशी असणार? मला असं काहीतरी आण, ज्यात फक्त गाणं आहे. ज्याच्यातून मला कुणी कशी आहेस विचारू शकणार नाही.”

“आणतो,” थांबासाहेब म्हणाले. आणि दारातून बाहेर पडता पडता, सवयीने, “बघतो.”

वाचकांना वाटेल, यात काय मोठं? एक वस्तू, दुकानात मिळते, घ्यावी आणि द्यावी. पण गोष्ट एवढी सरळ नव्हती. त्या वस्तूच्या मागे दुसरी एक गोष्ट उभी होती, आणि ती दुकानात मिळत नव्हती.

ताईला किडनी हवी होती. भाऊजींचा रक्तगट जुळला नव्हता. मुलगा अजून शाळेत. राहिले थांबासाहेब. त्यांनी तपासण्या करून घेतल्या तेव्हा छाती पुढे काढूनच घेतल्या होत्या. सख्ख्या बहिणीसाठी एवढं तर करायलाच हवं, असं चार लोकांत म्हणूनही झालं होतं. मग निकाल आले. सगळं जुळत होतं. डॉक्टर म्हणाले, “फार छान जुळतंय. आता तुमचा निर्णय. घाई नाही, नीट विचार करा, पण काय ते आम्हाला कळवा.” त्या सगळ्या बोलण्यातलं ‘घाई नाही’ तेवढं थांबासाहेबांनी उचललं आणि घरी आणलं.

त्याला आता बरेच महिने झाले होते. त्यांनी हो म्हटलं नव्हतं. नाही तर मुळीच म्हटलं नव्हतं. आणि ताईने एकदाही विचारलं नव्हतं. सगळं कसं भिजत घोंगडं पडलं होतं. अशात तिने हे यंत्र मागितलं, आणि थांबासाहेबांच्या जिवात जीव आला. काहीतरी करता येण्यासारखं मिळालं. ते त्याच्या मागे असे हात धुऊन लागले की विचारू नका.

पहिल्या दुकानात त्यांना कळलं की पडद्याला बोट लावून चालणारे प्लेअर असतात आणि बटणांचेही असतात. बोट लावायचे दिसायला छान, पण ताई आडवी पडलेली. न बघता चालवता आलं पाहिजे. म्हणजे बटणं. दुसऱ्या दुकानात कळलं की काहींना वायर नसते, कानात नुसते मणी घालायचे. ते त्यांना आवडले. मग मनात आलं, झोपल्या झोपल्या एक मणी घरंगळला आणि पलंगाखाली गेला तर? ती उठणार कशी? म्हणजे वायर हवी. पण वायर त्या सुयांच्या नळ्यांत अडकली तर? या एका ‘तर’ने त्यांचे आठ दिवस खाल्ले. मग कळलं की काही प्लेअर बंद करून चालू केले की गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि काही जिथे थांबले तिथून पुढे जातात. काहींचा आवाज एकदम वाढतो आणि कानठळ्या बसतात. काहींची बॅटरी सकाळभर टिकते, काहींची दोन दिवस. काहींत गाण्यांचं कार्ड बदलता येतं, काहींत जेवढी मावली तेवढीच.

थांबासाहेब हे सगळं डोक्यात घेऊन फिरत होते. टेबलाशी कागदवाला बसलेला असताना ते बॅटरीचा विचार करत होते. कारखान्यातल्या हिशेबनिसाने एकदा जेवताना सरळ सांगितलं, “साहेब, घरातला जुना फोन घ्या, त्यातलं सिमकार्ड काढून टाका, गाणी भरा. फोन येणार नाही, गाणं वाजेल. संपलं.”

थांबासाहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने परीक्षेत कॉपी करायला सुचवलं होतं. “असं कसं? आजारी माणसाला जुनी वस्तू?” ते म्हणाले. पण घास तोंडात फिरत राहिला. एवढा सोपा उपाय ऐकून माणसाला बरं वाटायला हवं. त्यांना धडकी भरली होती. उद्याच्या उद्या यंत्र मिळालं असतं तर परवापासून त्यांनी काय शोधायचं होतं?

ताईला भेटायला ते डायलिसिसच्या दिवशी अधूनमधून जात. ती विचारायची, “मिळालं का रे?” ते म्हणायचे, “बघतोय.” त्या एका ‘बघतोय’मध्ये दोन्ही प्रश्नांची उत्तरं होती हे दोघांनाही कळत होतं, आणि दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसत. थांबासाहेब भिंतीवरचा टीव्ही बघत. यंत्रावरचे लाल-हिरवे आकडे बघत. पडद्याच्या कड्या मोजत. वेळ झाली की उठत.

त्यांना भीती वाटत होती. गोष्ट एवढीच होती, आणि एवढीच गोष्ट त्यांना कुणाला सांगता येत नव्हती. गाढ झोपवून आपलं पोट कुणीतरी कापणार, आणि आपण झोपेतून उठूच याची खात्री कोण देणार? डॉक्टर म्हणत, एका किडनीवर माणूस आयुष्यभर चांगला जगतो. थांबासाहेबांना ते पटत होतं. पण इतकी वर्षं ते गोदामवाल्याला बजावत आले होते की कपाटात जास्तीचा ठेवलेला सुटा भाग कुणी मागितला म्हणून द्यायचा नाही, तो आपल्या अडचणीसाठी असतो. स्वतःच्या कुशीत तसाच एक भाग आहे, असा विचार मनात यायचा. त्याची लाज वाटायची. लाज वाटूनही तो जात नसे. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा हात आपोआप कमरेच्या मागे जाई, जसा गर्दीत खिशावर जातो.

घरी त्यांची बायको हे सगळं बघत होती. तिने एकदा जेवणं झाल्यावर भांडी बाजूला सारली आणि त्यांच्यासमोर बसली.

“अहो, वन्संचे यजमान भेटले होते दुकानात. म्हणाले, तुमच्या घरात अजून बोलणं चाललंय म्हणे. आपल्या घरात कधी बोलणं झालं?”

थांबासाहेब सांडलेली शितं वेचायला लागले.

“म्हणजे तुम्ही त्यांना सांगितलंत की मी अडवतेय.”

“तसं नाही सांगितलं. घरात बोलतो एवढंच म्हणालो.”

“तेच ते!” ती म्हणाली. “द्या असं मी म्हणणार नाही. देऊ नका असंही म्हणणार नाही. मलाही भीती वाटते, उगाच खोटं कशाला बोलू? तुम्हाला काही झालं तर मी आणि पोर काय करणार, हे माझ्याही मनात येतं. पण माझ्या पदराआड लपू नका. हो म्हणालात तर मी दवाखान्यात तुमच्या उशाशी बसेन. नाही म्हणालात तर तुमच्याबरोबर येऊन वन्संच्या समोर उभी राहीन. पण काय ते बोला. हे तुमचं प्लेअर-प्लेअर बघून मला शिसारी आलीय.”

“प्लेअर तर घ्यायलाच हवा ना,” थांबासाहेब म्हणाले. ती उठून आत गेली आणि नळ जोरात सोडला.

दुसऱ्या दिवशी, बायकोचे शब्द डोक्यात टोचत असल्यामुळे असेल, ते दुपारी कारखान्यातून लवकर निघाले आणि आज घ्यायचाच असं ठरवून दुकानात गेले. हे दुकान त्यांनी शेवटासाठी राखून ठेवलं होतं. काउंटरमागे चाळीशीतल्या एक बाई होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. थांबासाहेबांनी त्यांना सगळं सांगितलं. वायर, बटणं, बॅटरी, जिथे थांबलं तिथून पुढे. बाईंनी मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं आणि काचेखालून दोन प्लेअर काढून समोर ठेवले.

एक काळा, सपाट, काडेपेटीपेक्षा जरा लांब. दुसरा राखाडी, जाडसर, समोर मधोमध गोल बटण.

“हा काळा सगळ्यात चांगला,” बाई म्हणाल्या. “आवाज गोड, बॅटरी भरपूर, मागे चाप आहे, कपड्याला लागतो. याची बटणं कडेला आहेत, बघा. उजव्या हातात धरला की बरोबर अंगठ्याखाली येतात.”

थांबासाहेबांनी वायर कानात घातली आणि प्लेअर उजव्या हातात धरला. खरंच, अंगठा जिथे पडला तिथेच बटण होतं.

“डाव्या हातात धरून बघा आता.”

त्यांनी धरला. बटणं तळव्यात दाबली गेली आणि कानात वाजणारं गाणं पटकन पुढच्यावर उडालं. पुन्हा धरला, पुन्हा उडालं.

“म्हणून मी हा राखाडी काढला. बॅटरी जरा कमी आहे, पण बटण समोर असल्यामुळे कुठल्याही हातात चालतो.” बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “तुमच्या बहिणीचा कोणता हात मोकळा असतो?”

थांबासाहेबांनी तोंड उघडलं. आणि ते उघडंच राहिलं.

त्यांनी पलंग आठवला. खांबाजवळचा, खिडकीकडे पाय. यंत्र आठवलं, त्याचे आकडे, खालचं चाक तुटलेलं. पडद्याच्या कड्या आठवल्या. टीव्हीवर बिनआवाजाच्या बातम्या, शेजारच्या पलंगावरचे घोरणारे आजोबा. ताईचा चेहरा आठवला. ताईचे हात काही केल्या आठवेनात. यंत्र तिच्या कोणत्या बाजूला होतं? स्वतः ते ज्या स्टुलावर बसायचे ते कोणत्या बाजूला होतं? ज्या माणसाने हात लावल्याशिवाय कधी पिनांचा डबा घेतला नाही, त्याने इतक्या महिन्यांत एकदाही बहिणीच्या हाताकडे बघितलं नव्हतं.

“डावा... उजवा असेल,” ते म्हणाले.

“विचारून घ्या ना फोन करून,” बाई सहज म्हणाल्या.

बायकोला विचारता आलं असतं. तिला नक्की ठाऊक असणार. भाऊजींना विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे मला ठाऊक नाही हे कबूल करायचं, आणि ते तोंड त्यांना नव्हतं. “बघून येतो,” ते म्हणाले. आयुष्यात प्रथमच हा शब्द त्यांनी टाळायला वापरला नाही.

ताईचा त्या दिवशी डायलिसिसचाच वार होता. हल्ली तिला दुपारची वेळ मिळायची. थांबासाहेब धापा टाकत वर गेले. ती डोळे मिटून पडली होती, गळ्यापर्यंत चादर. यंत्र तिच्या डाव्या बाजूला होतं. नळ्या चादरीखाली जात होत्या.

“अरे? आज अवेळी?” तिने डोळे उघडले. “मिळालं वाटतं.”

“दोन ठरवलेत. त्यातला एक घ्यायचाय.” ते स्टुलावर बसले. “ताई, तुझा कोणता हात मोकळा असतो?”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. हसेल असं त्यांना वाटलं. ती हसायची अशा गोष्टींना. ती हसली नाही. उजव्या हाताने तिने चादरीचं टोक धरलं आणि बाजूला सारलं.

डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत सुजलेला होता. कातडीखाली एक जाड, वेडीवाकडी शीर, मुळीसारखी वर आलेली. दोन सुया, वर चिकटपट्ट्या, आजूबाजूला जुन्या टोचण्यांचे काळेनिळे डाग, काही पिवळे पडलेले. थांबासाहेबांना वाटलं, नजर वळवावी. आज त्यांनी ती वळवली नाही.

“तू आलास की मी चादर ओढून घेते,” ताई म्हणाली. “तुला बघवत नाही, मला कळतं. बघ, इथे बोट ठेव. सुईच्या खाली, मनगटाजवळ. दाबू नकोस.”

त्यांनी बोट ठेवलं. आतून सतत गुरगुर येत होती, फ्रिजला हात लावल्यावर येते तशी.

“रक्ताला जोर यावा म्हणून आत दोन शिरा जोडून दिल्यात. रात्रंदिवस असं चालू असतं. उशीखाली हात गेला की कानात ऐकू येतं. म्हणून तर गाणी मागितली मी, दुसरं काहीतरी ऐकू यावं म्हणून.”

थांबासाहेबांनी बोट काढलं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून ते म्हणाले, “म्हणजे उजवा मोकळा. मग काळाच घेतो. तो उत्तम आहे.”

“अरे, ठेव तो काळा बाजूला.” ताईचा आवाज चढला नाही, पण वर्गातल्या मुलींना जो यायचा तो त्यात आला. “मागच्या आठवड्यात मी डॉक्टरांना विचारलं. म्हटलं, परक्या माणसाची किडनी मिळायची रांग असते ना, त्यात माझा नंबर कितवा? ते म्हणाले, तुमचं नाव रांगेत नाहीच.”

“नाही? का?”

“तू आहेस म्हणून. घरातलं माणूस जुळतंय आणि ते विचार करतंय, तोवर नाव लावत नाहीत. भावाने नाही म्हटलं की त्या दिवसापासून लावतात. मागचे महिने धरत नाहीत.”

थांबासाहेबांना वाटत आलं होतं, आपण फक्त बोललो नाही. न बोलण्याने कुणाचं काय जातं? नाही म्हटलं असतं तर ताईची आशा तुटली असती. आपण ती तुटू दिली नाही, हा आपला चांगुलपणा. आणि ती इथे या पलंगावर त्यांच्या दाराशी बसून राहिली होती, दुसरं कुठलंच दार ठोठावायची तिला सोय नव्हती.

“मला कुणी सांगितलं नाही,” ते म्हणाले.

“तू कुणाला विचारलंस?”

शेजारचे आजोबा घोरायचे थांबले होते. जागे झाले असावेत, पण शहाण्या माणसासारखे डोळे मिटून पडले होते.

“मी तुला कधी विचारलं नाही,” ताई म्हणाली. “असली गोष्ट मागायची नसते, दिली तर घ्यायची, असं मी धरून चालले. चूक माझीही असेल. पण आता विचारते. हो म्हण, नाही तर नाही म्हण. काहीही म्हण. बघतो म्हणू नकोस.”

थांबासाहेबांनी मान खाली घातली. ‘हो’ अगदी जिभेच्या टोकाशी होतं. एवढं ऐकल्यावर दुसरा कुणी हो म्हणूनच गेला असता. पण त्यांनी स्वतःला ओळखलं होतं. आज हो म्हटलं असतं तर उद्यापासून तारखेचा घोळ सुरू झाला असता. आधी पाऊसपाणी संपू दे, मग कारखान्यातली वर्षअखेर होऊ दे, मग सर्दी. ती आणखी एक वर्ष त्या ‘हो’च्या दाराशी बसली असती. त्यांचा हात कमरेकडे गेला होता. तो त्यांनी मांडीवर आणला.

“मला भीती वाटते, ताई,” ते म्हणाले. “दुसरं काही कारण नाही. बायको अडवत नाही, कुणी अडवत नाही. मला फार भीती वाटते. माझ्याच्याने नाही होणार. नाही.”

तिने मान हलवली. “बरं,” म्हणाली. तिनेच मागितलेलं उत्तर होतं, तिला ते मिळालं होतं. पण तिचा चेहरा बघता बघता उतरला, गाल आत गेल्यासारखे झाले, आणि थांबासाहेबांना लख्ख कळलं की या क्षणापर्यंत ती ‘हो’ची वाट बघत होती. नाही म्हण असं सांगणाऱ्या माणसालाही नाही नकोच असतं. तिने तोंड यंत्राकडे फिरवलं.

तिकडेच बघत ती म्हणाली, “बाहेर टेबलाशी बाई बसतात, त्या रांगेचं काम बघतात. त्यांना सांगून ये. मी सांगून चालत नाही, तुलाच सांगायला लागतं.”

टेबल दार ओलांडल्याबरोबर होतं. दार सताड उघडं, सगळे पलंग ऐकण्याच्या अंतरावर. बाई फोन कानाला लावून होत्या. त्यांनी बोटाने थांबायची खूण केली. थांबासाहेब थांबले. मग बाईंनी फोन ठेवला आणि वर बघितलं.

“खांबाजवळच्या पेशंट आहेत,” ते म्हणाले. “त्यांना किडनी देणारे... म्हणजे मी. मी देणार नाही. त्यांचं नाव रांगेत लावा.”

“आपण कोण त्यांचे?”

“भाऊ.”

“सख्खे?”

थांबासाहेबांनी मागे बघितलं. ताई इकडेच बघत होती. चादर तिने पुन्हा ओढून घेतली नव्हती.

“सख्खा,” ते म्हणाले.

बाईंच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी अशी माणसं पुष्कळ बघितली असावीत. “पुन्हा एकदा विचार करायचा असेल तर आणखी चार दिवस थांबवू शकते मी.”

“नाही,” थांबासाहेब म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायलाही तेवढंच जड गेलं. “आजच लावा.”

ते परत पलंगाशी आले. बसावं की उभं राहावं ते कळेना. पण आत कुठेतरी, सांगायला लाज वाटावी असं, हलकं वाटायला लागलं होतं. इतक्या महिन्यांची धोंड उतरली होती. निदान आता एक काम तरी नीट तडीस न्यावं, असं त्यांना तळमळून वाटलं.

“झालं,” ते म्हणाले. “आजपासून लागलं नाव. मी आत्ता जातो आणि तो काळा प्लेअर घेऊन येतो. तुझं हे संपायच्या आत येतो. गाणी मीच भरतो, तुला आवडतात ती सगळी.”

“नको,” ताई म्हणाली.

“काय नको?”

“आणू नकोस. माझं मी घेईन, नाही तर ह्यांना सांगेन.”

“अगं, पण मी एवढा शोधून...”

“म्हणूनच नको.” ती आता सरळ त्यांच्याकडे बघत होती, डोळे कोरडे. “तू आणशील. खरंच छान असेल, तू वाईट वस्तू आणायचाच नाहीस. मी कानाला लावेन, छान आहे रे म्हणेन. आणि तुला बरं वाटेल. पुढे कधी वाटू दे, मी काही जन्मभराचा राग धरणारी नाही. पण आज तुला बरं वाटावं असं मला वाटत नाही.”

यंत्र टिकटिक करायला लागलं. नर्स आली, म्हणाली, “जरा सरका,” आणि थांबासाहेब भिंतीपर्यंत सरकले.